निग्रोधमृगजातक : आरंभ आणि शेवट गाळून सांगितलेली कथा

पालि वाङ्मयातील ज्या कथा आपल्या विहारांतून वारंवार सांगितल्या जातात, त्यांत निग्रोधमृगजातकाचे स्थान वरचे आहे. जातकट्ठकथेच्या क्रमात ही बारावी कथा. गर्भिणी हरिणीचे प्राण वाचावेत म्हणून मृगराज निग्रोध स्वतःची मान वधाच्या ठोकळ्यावर ठेवतो आणि ते पाहून वाराणसीच्या राजाचे हृदय पालटते, एवढा प्रसंग बहुतेक उपासक-उपासिकांना ठाऊक असतो. पर्यावरण दिन असो वा वन्यजीव सप्ताह असो, बौद्ध वक्त्यावर प्राणिरक्षणाविषयी बोलण्याची वेळ आली की हीच कथा त्याच्या हाताशी येते. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक व्यासपीठांवरून याच रीतीने सांगितली आहे. ही रीत अपुरी आहे आणि तिच्या अपुरेपणामुळे कथेचा अर्थच बदलतो, हे या लेखात मांडावयाचे आहे.

या विचाराला निमित्त घडले ते एका प्रश्नाचे. वर्षावासातील एका व्याख्यानासाठी कुडाळ तालुक्यातील एका विहारात जाण्याचा योग आला होता. विषय होता ‘बुद्ध धम्म आणि निसर्गरक्षण’. नेहमीप्रमाणे निग्रोधमृगाची कथा सांगितली, राजाने दिलेल्या अभयदानापाशी ती संपविली आणि श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची विनंती केली. मागच्या रांगेतील एक वयस्क शेतकरी बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, हरणां वाचली तां बरां झालां. पण ज्येचां भात त्येंनी खाल्ल्यानी, तेचां काय?” सभेत थोडा हशा पिकला. मी काहीतरी सर्वसाधारण उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुक्कामी परतल्यावर मात्र मन अस्वस्थ झाले. कारण त्या बाईंचा प्रश्न कथेच्या बाहेरचा नव्हता. तो मूळ पालि कथेतच आहे. गाळला होता तो मी.

१. पिंगुळीतील चित्रपोथी आणि पालि ‘चरण’-चित्र

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगुळीला गेलो. कुडाळच्या लगतच असलेले हे गाव तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेमुळे ओळखले जाते. गावातील गुढीपूर या भागात ही कलावंत कुटुंबे राहतात. चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, कळसूत्री बाहुल्या अशा कला त्यांनी पिढ्यान् पिढ्या जतन केल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. येथील कलावंत श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात या कलांचे नमुने पाहावयास मिळतात. चित्रकथीची रीत अशी : कथेतील प्रसंग स्वतंत्र कागदांवर रंगविलेले असतात, त्यांची पोथी असते, आणि निवेदक वाद्यांच्या साथीने एकेक चित्र पुढे करीत आख्यान लावतो. विषय मुख्यतः रामायण-महाभारतातील. एक चित्र मागे गेले की दुसरे पुढे येते. मधले पान गहाळ झाले तर कथेला भगदाड पडते.

पालिच्या अभ्यासकाला येथे संयुत्तनिकायाची आठवण होणे अपरिहार्य आहे. खन्धसंयुत्तातील दुसऱ्या गद्दुलबद्ध सुत्तात तथागत भिक्खूंना विचारतात की, ‘चरण’ नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? अट्ठकथाकार या शब्दाचा खुलासा करतात तो असा : संख नावाचे ब्राह्मण-पाषंडिक कापडावर सुगती-दुगतींची चित्रे काढवून गावोगाव हिंडत आणि अमुक कर्म केले की अमुक फळ मिळते, असे ती चित्रे दाखवून सांगत. म्हणजे फिरत्या चित्रकथनाची रीत पालि वाङ्मयाला परिचित होती. पिंगुळीची परंपरा तिचीच वंशज आहे असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही. परंतु दोहोंतील साम्य विचाराला चालना देणारे आहे.

या सुत्तातील पुढचा भाग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. ते चरण-चित्र चित्ताने, म्हणजे मनानेच कल्पिलेले असते आणि मन त्या चित्राहूनही अधिक चित्रविचित्र असते, असे सांगून तथागत लगेच पशुपक्ष्यांकडे वळतात. तिर्यक् योनीतील प्राण्यांइतका विविधतेने भरलेला दुसरा कोणताही एक समूह आपल्याला दिसत नाही, असा त्या विधानाचा आशय आहे. ज्याला आज आपण जैवविविधता म्हणतो, त्या वस्तुस्थितीकडे विस्मयाने पाहणारे हे वचन एका चित्रफितीच्या दृष्टान्ताशेजारी यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. सुत्ताचा उद्देश अर्थातच चित्ताच्या स्वरूपाकडे लक्ष वेधण्याचा आहे, प्राणिशास्त्र सांगण्याचा नाही. तरीही त्यातून एक इशारा घेता येतो : मन जसे चित्र रंगविते, तसेच ते आपल्याला दिसते. प्राण्यांविषयीच्या आपल्या कथा आपण कोठे सुरू करतो आणि कोठे थांबवितो, यावर त्यांचे रक्षण आपल्याला कसे दिसते हे ठरते.

२. गाळलेला आरंभ

आता कथा मुळाबरहुकूम पाहू. आपण ती सहसा दोन सुवर्णवर्णी मृगराजांपासून, निग्रोध आणि साख यांच्यापासून सुरू करतो. पालि कथा तेथे सुरू होत नाही. ती सुरू होते वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या शिकारीच्या व्यसनापासून आणि त्या व्यसनाने रयतेच्या होणाऱ्या हालांपासून. राजाला मांसावाचून जेवण जात नसे. तो दररोज नगरवासी आणि जनपदवासी लोकांना गोळा करून, त्यांची कामे बुडवून, शिकारीला निघे. ‘कम्मच्छेद’, म्हणजे कामाचा खोळंबा, असा नेमका शब्द कथेत आला आहे. आपल्या वाचकांना वेठबिगार म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या जाचातून सुटण्यासाठी लोकांनीच युक्ती काढली. राजाच्या उद्यानात चारापाण्याची सोय केली, रानातील हरणांचे कळप वेढून उद्यानात हाकले आणि दार लावून ते राजाच्या स्वाधीन केले. आता राजाने आपली शिकार येथेच करावी आणि आम्हांस आमची कामे करू द्यावीत, हा त्यामागील हेतू. म्हणजे हरणांना कोंडले ते क्रूर पारध्यांनी नव्हे. पिचलेल्या कष्टकरी माणसांनी आपल्या मानेवरचे जू हरणांच्या मानेवर ठेवले. जुलमाचे हे संक्रमण कथेने पहिल्याच पानावर दाखविले आहे. वरच्याचा भार खालच्यावर आणि खालच्याचा त्याहून मुक्यावर.

पुढे हाच धागा चालतो. रोज बाणांच्या भीतीने हरणांची धावपळ होई आणि एकाच्या मरणापायी अनेक जखमी होत. म्हणून दोन्ही कळपांनी पाळी ठरविली. साखाच्या कळपातील गर्भिणी हरिणीची पाळी आली. प्रसूत झाल्यावर येईन, तोवर माझी पाळी पुढे ढकला, अशी विनंती तिने साखाला केली. तुझी पाळी मी दुसऱ्यावर टाकू शकत नाही, असे म्हणून साखाने तिला परत पाठविले. न्यायाच्या दृष्टीने साखाचे म्हणणे चुकीचे नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. निग्रोधाकडे ती गेली तेव्हा त्यानेही तिची पाळी दुसऱ्या हरणावर टाकली नाहीच. ती त्याने स्वतःवर घेतली. एकाचे मरण दुसऱ्यावर लादता येत नाही, हेच कारण त्याने राजाला सांगितले. साख आणि निग्रोध यांचा नियम एकच. भेद आहे तो भार कोणी उचलावयाचा याच्या उत्तरात. आरंभीचा वेठबिगारीचा प्रसंग गाळला की हा भेद झाकोळतो आणि निग्रोधाची कृती केवळ दयाळूपणाची गोष्ट होऊन बसते.

३. अभयाच्या पायऱ्या

राजाने निग्रोध आणि हरिणी या दोघांना अभय दिले. येथे निग्रोध थांबत नाही. दोघांना अभय मिळाले, मग बाकीच्या हरणांनी काय करावे, असे तो विचारतो. त्यांना मिळते. उद्यानातील हरणे सुटली, बाहेरची? त्यांनाही. मग इतर चतुष्पाद? मग पक्षी? आणि शेवटी, पाण्यात राहणारे मासे? एकेक पायरी चढत हे अभय जमिनीवरून आकाशात आणि आकाशातून जळात पोहोचते. प्राणिरक्षणाच्या प्रश्नात माशांनाही जागा देणारी ही मागणी सिंधुदुर्गासारख्या किनाऱ्यावर वाचताना तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

यांतील दुसरी पायरी, उद्यानाबाहेरच्या हरणांची, आजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. संरक्षित क्षेत्र म्हणजे एक उद्यानच. त्याच्या कुंपणाशी अभय संपत असेल तर ते किती जीवांना पुरेल? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणचिठ्ठी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी कासव २०२५ च्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून तिने हा प्रवास केला. तिला अभय हवे ते एका अभयारण्यात नव्हे, तर वाटेतील प्रत्येक जाळ्यापाशी आणि प्रत्येक वाळूच्या पट्टीवर. निग्रोधाचा प्रश्न तोच आहे.

४. गाळलेला शेवट

आणि आता तो भाग, जो कुडाळच्या त्या बाईंना ऐकावयास मिळाला नाही. अभय मिळाल्यावर हरणे निर्धास्त झाली आणि लोकांची पिके खाऊ लागली. राजाज्ञेमुळे त्यांना मारता येईना, हाकलता येईना. शेतकरी राजवाड्याच्या अंगणात जमले आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले. राजाने उत्तर दिले की, मी निग्रोधाला वर दिला आहे. राज्य सोडीन, पण वचन मोडणार नाही. माझ्या राज्यात कोणी हरणांना इजा करता कामा नये.

कथा येथेही संपत नाही, हे महत्त्वाचे आहे. राजाचे उत्तर बाणेदार आहे. पण वचन राजाचे आणि पीक मात्र शेतकऱ्याचे, ही त्यातील विसंगती कथाकाराच्या नजरेतून सुटलेली नाही. म्हणून उत्तर राजाकडून न येता निग्रोधाकडून येते. तो हरणांना एकत्र बोलावून परक्यांची पिके खाण्याची मनाई करतो आणि लोकांना निरोप धाडतो की, यापुढे शेताला कुंपण घालण्याची गरज नाही. शेताभोवती केवळ पानांची खूण बांधा. पालि शब्द ‘पण्णसञ्ञा’, म्हणजे पर्णसंकेत. तेव्हापासून कोणत्याही हरणाने ती खूण ओलांडली नाही, असे कथा सांगते.

हरणाने पानांची खूण पाळावी ही नीतिकथेतील कल्पना आहे. रानातला गवा किंवा हत्ती ती पाळणार नाही, हे कोणीही सांगेल. कथेतील युक्ती जशीच्या तशी उचलण्याचा प्रश्नच नाही. तिच्यामागचे तत्त्व उचलावयाचे आहे. शेतातील बुजगावणे भिवविण्यासाठी असते. पर्णसंकेत असतो तो परस्परांना ठाऊक असलेल्या मर्यादेचा. ज्याने अभय मागितले, त्यानेच त्या अभयाची झळ बसणाऱ्यांची दखल घेतली. रक्षणाची मागणी करणाऱ्यावर रक्षणाच्या परिणामांचीही जबाबदारी असते, हा निग्रोधमृगजातकाचा अखेरचा धडा आहे. आपण तो गाळून कथा सांगतो, तेव्हा ब्रह्मदत्ताच्या बाणेदार पण अपुऱ्या उत्तरापाशीच, किंबहुना त्याच्याही अलीकडे थांबतो.

५. मालवणचे पाणी, माणगावचे खोरे

हे केवळ ग्रंथचर्चेचे प्रश्न नाहीत. पिंगुळीहून मालवणचा किनारा दूर नाही. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ आणि त्यांच्या आश्रयाने जगणारी जीवसृष्टी राखण्यासाठी हे पाऊल उचलणे आवश्यक होते, याविषयी दुमत असू नये. परंतु ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या मनात या घोषणेविषयी धास्ती निर्माण झाली आणि त्यांनी तिला विरोध केला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. सागरी क्षेत्र अभयारण्यात समाविष्ट करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी उपाययोजना करावी, ही तरतूद त्यात आली ती १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे मालवणच्या पाण्याला अभय आधी मिळाले आणि पर्णसंकेताचा विचार कायद्यात चार वर्षांनी आला. हा क्रम बोलका आहे.

याउलट उदाहरणही याच किनाऱ्याने दिले. जाळ्यात सापडलेले कासव, देवमासा किंवा बहिरी यांसारखे संरक्षित जीव सोडून देण्यासाठी जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने अशा कापलेल्या जाळ्यासाठी कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. कासवाचा जीव वाचविण्याचा भार एकट्या नाखव्यावर टाकू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. कासवांच्या घरट्यांचेही तसेच. २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या सहभागाने जे काम उभे केले, ते पुढे सिंधुदुर्गातील वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचले. वाळूतील माग पाहून अंडी कोठे आहेत हे ज्यांना कळते, तेच लोक आज कासवमित्र म्हणून घरट्यांची राखण करतात. जाणत्या माणसाला आरोपी न करता राखणदार करणे, ही पर्णसंकेताच्या जवळ जाणारी रीत आहे.

डोंगराकडे वळले तर चित्र अधिक बिकट दिसते. २००२ मध्ये कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्गच्या बाजूने सिंधुदुर्गात उतरले आणि पुढे कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यापर्यंत आले. नारळी-पोफळीच्या बागा, केळी, भात यांचे नुकसान झाले, माणसेही दगावली. फेब्रुवारी २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात मोहीम राबवून तीन हत्ती पकडण्यात आले, पण पकडलेले सर्व हत्ती जगले नाहीत. हत्ती मेला आणि शेतकरीही नागवला, असा हा दुहेरी तोटा. वस्तुतः हत्ती आपले रान सोडून का निघाला, त्याच्या वाटा कोणत्या खाणींनी, धरणांनी आणि लागवडींनी तुटल्या, हा पहिला प्रश्न. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये तेथील गावांच्या संवेदनशील क्षेत्राविषयी निर्देश दिले, ते याच प्रश्नाच्या संदर्भात. परंतु हत्तीच्या वाटेचा प्रश्न सुटेपर्यंत ज्याची केळ मोडली त्याने काय करावयाचे? तेचां काय? हरणांविषयी विचारणाऱ्या त्या बाईंच्या डोळ्यांपुढे बहुधा हत्तीच असावेत.

६. अशोकाचा पाचवा स्तंभलेख

आपल्या परंपरेत याचे उत्तर शोधताना जातकाइतकाच अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचला पाहिजे. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर काढलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे : पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, बिनकाट्याचा मासा, साळिंदर, गेंडा इत्यादी. काही नावांचा अर्थ अभ्यासकांत विवाद्य आहे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी यांना तसेच त्यांच्या सहा महिन्यांखालील पिलांनाही अभय आहे. निग्रोधाने वाचविलेली गर्भिणी हरिणी येथे राजनियमात आलेली दिसते. निष्कारण किंवा जीवहत्येसाठी रान जाळू नये, असेही लेख सांगतो. म्हणजे केवळ प्राणीच नव्हे, त्याचा अधिवासही रक्षणाखाली येतो. चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांलगतचे दिवस आणि उपोसथ या दिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत. त्याच दिवशी नागवन आणि केवटभोग, म्हणजे हत्तींची राने आणि कोळ्यांची राखीव पाणथळे, येथे अन्य जीवही मारू नयेत, अशी आज्ञा आहे.

ही आज्ञा पाहण्यासारखी आहे. ती मासेमारी कायमची बंद करीत नाही. दिवस ठरवून देते. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती याच जातीची. आपल्या वर्षावासाचा उगमही पाहावा. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करतात, हिरवे गवत तुडवितात, लहान जिवांना चिरडतात, अशी लोकांनी टीका केली आणि त्यावरून वर्षावासाचा नियम झाला, असे विनयपिटकातील महावग्ग सांगतो. लोकांची तक्रार ऐकून संघाने स्वतःवर मर्यादा घालून घेतली. प्रजननाच्या काळात थांबणे, हे तत्त्व विनयातही आहे आणि राजशासनातही.

तथापि अशोकाकडेही डोळसपणेच पाहिले पाहिजे. चतुष्पादांसंबंधीच्या त्याच्या नियमात जे उपयोगाचे नाहीत आणि खाल्ले जात नाहीत, त्यांना सरसकट अभय आहे. म्हणजे उपयुक्ततेची मोजपट्टी तेथे आहेच. आणि ज्या सम्राटाने रानातील जिवांची एवढी काळजी वाहिली, त्याच्याच तेराव्या शिलालेखात रानात राहणाऱ्या अटवी लोकांना सामर्थ्याची जाणीव करून देणारा इशारा आहे. रानातील प्राण्याला अभय आणि रानातील माणसाला ताकीद, हे द्वंद्व तेव्हापासूनचे आहे. परंतु पाचव्या स्तंभलेखाचा शेवट मात्र विसरू नये. प्राण्यांच्या अभयाची यादी संपल्यावर अशोक सांगतो की, या काळात आपण २५ वेळा बंदीवान मुक्त केले. एकाच शासनात प्राण्याचे अभय आणि माणसाची मुक्ती शेजारी आली आहेत. आपल्या चर्चेत त्या दोहोंची ताटातूट होते, ती होऊ देता कामा नये.

७. इच्छा आणि गरज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील अहिंसेची चर्चा येथे मार्गदर्शक ठरते. बाबासाहेबांनी अहिंसेला जड नियम न मानता तत्त्व मानले आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला. तत्त्व विचार करावयास लावते. आंधळा नियम तो थांबवितो. हा भेद किनाऱ्यावर लावून पाहावा. रापण ओढून चार घरांची चूल पेटविणारा मच्छीमार आणि प्रखर दिव्यांच्या झोतात लहान पिलांसकट सगळा थवा उपसणारी नौका, ही दोन्ही एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. पहिल्या ठिकाणी गरज आहे, दुसऱ्या ठिकाणी हाव. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर घातलेले निर्बंध आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर घातलेली बंदी यांची मागणी पारंपरिक मच्छीमारांनीच लावून धरली होती. समुद्र राखला गेला तरच आपण राहू, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. अभयारण्याला धास्तावणारे आणि समुद्र राखा म्हणणारे लोक एकच आहेत, हे ज्यांना कोडे वाटते, त्यांनी निग्रोधमृगजातक शेवटपर्यंत वाचावे.

‘पाणातिपाता वेरमणी’ हे पहिले शील आपण नित्य उच्चारतो. दुर्मिळ होत चाललेल्या जिवांचे आणि त्यांच्या निवाऱ्याचे रक्षण त्या शीलाच्या कक्षेत येते, याविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. रक्षणाचा भार ज्याला आवाज नाही त्याच्यावर सरकविला गेला, तर ते निग्रोधाचे अभय राहत नाही. ती ब्रह्मदत्ताच्या दारची वेठबिगार होते, फक्त या वेळी पुण्याच्या नावाने. आणि भार पेलवत नाही म्हणून जिवांचेच रक्षण सोडून दिले, तर आपण हरणांना उद्यानात हाकणाऱ्या त्या पिचलेल्या रयतेच्या जागी जाऊन उभे राहतो. दोन्ही वाटा कथेने दाखविल्या आहेत आणि दोन्ही मागे टाकल्या आहेत.

पिंगुळीच्या निवेदकाला आपल्या पोथीचे पान गाळून चालत नाही. समोरचा श्रोता चित्र पाहत असतो. आपण धम्मप्रवचन करणाऱ्यांसमोर चित्र नसते, म्हणून पाने गाळणे सोपे जाते. किनारपट्टीच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या विहारांतील कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे की, येत्या वर्षावासात ही कथा वेठबिगारीपासून पर्णसंकेतापर्यंत संपूर्ण वाचावी. वाचताना शेतकरी, रापणकार, कासवमित्र आणि वनखात्याचे कर्मचारी यांना एका ओळीत बसवावे. आणि कथा संपल्यावर प्रश्न त्यांना विचारू द्यावेत. त्या बाईंना देण्याचे उत्तर माझ्याकडे राहिले आहे. ते एकट्याने देता येण्याजोगे नाही, एवढे मात्र या कथेच्या पुनर्वाचनाने मला कळले.